खिडकीतल्या बाटल्या

"आता त्यांना हवं तेवढं पाणी द्या," सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, आणि त्याचा अर्थ मला कळला. रेखाला, माझ्या भावजयीला, मात्र तो सुधारणेचा निरोप वाटला. इतकी वर्षं घोटाघोटासाठी अडवलेल्या नवऱ्याला आता पोटभर पाणी देता येणार, म्हणून ती धावत खाली गेली आणि गार बाटली घेऊन आली. तिला काय सांगू... तिनं चमच्यानं पाजलं. एकदोन चमचे गेले, पुढचा ओठांच्या कडेनं उशीवर ओघळला. संध्याकाळी माझा धाकटा भाऊ शिवा गेला. त्याला आता महिना होऊन गेला.

शिवा मुरुम गावच्या शाळेत गणित शिकवायचा. दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा त्यानं चाळिशीही गाठली नव्हती. आईचं वय झालेलं. माझी किडनी जुळत होती, पण माझ्या साखरेनं घात केला. डॉक्टरांनी नकार दिला त्या दिवशी मी बसस्टँडवर ओक्साबोक्शी रडले, तर त्यानंच मला चहा आणून दिला. स्वतः घेतला नाही. दिवसभराचं पाणी मोजून दिलेलं, चहाही त्यातच धरायचा होता.

मग सोलापूरला डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्यासाठी डाव्या हाताच्या शिरेचं ऑपरेशन झालं, त्या हातानं जड उचलायची बंदी आली. अंगणातल्या कुंड्या, मातीची घमेली सुटली. तेव्हा त्यानं खिडकीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या मांडल्या. कुणाकडून मनी प्लांटचा वेल आणायचा, कुणाकडून रंगीत पानांचा कोलियस. गाठीच्या जरा खाली कापायचं, खालची पानं काढायची आणि फांदी पाण्यात सोडायची. गाठीतून पांढरं टोक फुटलं की मला फोन, "अक्का, ये की. मुळ्या आल्यात बघ." मी जायची, पण बघायची त्याचे सुकलेले ओठ. एकदा बाटली उजेडात धरून म्हणाला, "किती पितात गं ही... कुणी अडवत न्हाय."

मागच्या उन्हाळ्यात रेखा घरातलं पाणी कुलपात ठेवायची. त्यानंच तसं सांगितलं होतं. एका दुपारी ती गिरणीत गेली होती. मी घरात शिरले तर शिवा खिडकीखाली बसलेला, भोवती रिकाम्या बाटल्या. फांद्या मात्र ओल्या पंच्यावर ओळीनं निजवलेल्या, मुळ्या झाकून.

"प्यालास?"

"व्हय. ओरडू नको, अक्का. लई तहान लागली व्हती... राहवलं न्हाय."

शिळं, हिरवट पाणी. मी ओरडले नाही. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. अंधार पडायच्या आत त्याला श्वास घेता येईना. शेजाऱ्यांच्या जीपमधून सोलापूर गाठेपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही. त्या खेपेला वाचला. घरी आल्यावर रेखा बाटल्या फेकायला निघाली, तर त्यानं तिच्यापुढं हात जोडले. "राहू दे. घरात काहीतरी वाढतंय, एवढंच उरलंय." त्या पाण्याला पुन्हा तोंड लावलं नाही. पाणी बदलताना मान फिरवून घ्यायचा. मला ते बघवत नसे. पुढं छातीत संसर्ग झाला आणि तो दवाखान्यातून परत आलाच नाही.

तेराव्यानंतर रेखानं बाटल्या माझ्या हवाली केल्या. "मला बघवंना, अक्का. तुम्ही न्या." मी नेल्या. शिवा करायचा तसंच सगळं केलं, तरी एकेक देठ कुजत गेला. उरलेले कुंडीत लावले, तेही गेले. काय चुकतंय ते त्यालाच विचारावं म्हणून हात फोनकडं जातो... आणि तिथंच थांबतो.

परवा रेखाकडं गेले. ती खिडकीतली शहाबादी फरशी काथ्यानं घासत होती. बाटल्या होत्या तिथं बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं फरशीवर गोल पांढरे डाग पडलेत, एकाशेजारी एक.

"जातच न्हायत हो," ती म्हणाली. तिच्या बोटांची सालं निघाली होती.

मी तिच्या हातातून काथ्या घेतला आणि घासायला बसले. मी दमले की ती, ती दमली की मी. ऊन उतरलं. डाग तसेच आहेत.