उशिरा पडलेली बोटं

धनपाल अण्णांचा फोन आला, "विजू, अजित गेला रं," तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा अजितचाच काहीतरी डाव असणार. त्याची खोडच तशी होती. एकदा त्यानं आपल्या याच थोरल्या भावाला फोन करायला लावून माझ्याकडं निरोप धाडला होता, की कीबोर्ड चोरीला गेलाय, ताबडतोब ये. मी साताऱ्याहून धापा टाकत सांगलीला पोचलो, तर हे महाशय भडंगाची परात पुढ्यात घेऊन बसलेले आणि म्हणे, "नवीन चाल सुचलीया, फोनवर कळली नसती." त्यामुळं अण्णांना मी दोनदा विचारलं, नक्की ना? फोनमधून दुकानातल्या पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला… मग मला खरं वाटलं. सकाळी दुकान उघडून गादीवर बसला आणि तिथंच कलंडला म्हणे.

अजित सांगलीतल्या हळदीच्या अडत्याचा धाकटा मुलगा, आणि मी साताऱ्याच्या एका कारकुनाचा. सांगलीच्या कॉलेजात आमची गाठ पडली ती एका कॅसेटमुळं. परदेशातल्या कुठल्याशा बँडची ती कॅसेट होती, एका बाजूवर मिळून एकच गाणं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे असलंच संगीत, मधेच सात मात्रा, मधेच अकरा, नाचायला गेलं की पाय अडकलाच. अख्ख्या जिल्ह्यात ते आवडणारे आम्ही दोघंच असू. तो कीबोर्ड वाजवायचा, मी ड्रम. आष्ट्याच्या एका गणेश मंडळापुढं आम्ही वाजवलं तेव्हा अध्यक्ष स्टेजवर येऊन शांतपणे म्हणाले, "पोरांनो, मशीन तपासून झालं आसंल तर आता गाणं चालू करा." परतीच्या एस.टी.त आम्ही हसून हसून आडवे झालो होतो. आमचे वाद मात्र फार गंभीर असायचे. अजितचं म्हणणं असं, की कलेत माणसानं फार लुडबुड करू नये, निम्मं नशिबावर सोडावं. मी म्हणायचो, नशिबावर सोडलेलं गाणं म्हणजे रेडिओचं बटण फिरवल्यासारखं, त्यात तुझं काय? तो नुसता हसायचा. ते हसणं मला तेव्हाही पटायचं नाही.

नशिबावर सोडायची त्याची रीत त्याच्या दुकानातून आलेली. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात पूर्वी भाव तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि घेणारा हातांवर रुमाल टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. भोवती गर्दी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. अजितनं ते आमच्या संगीतात आणलं. रुमालाखाली दोघांनी एकदम बोटं टाकायची, जी बेरीज येईल तितक्या मात्रांची पुढची ओळ. नऊ आल्या तर नऊ, पाच आल्या तर पाच. सगळ्यांना सांगायचा, "ही चाल आमी केल्याली न्हाई, पडलीया." आणि गंमत म्हणजे, ज्या दिवशी मी वैतागलेला असेन त्या दिवशी बरोब्बर मला आवडणारी सातची बेरीज पडायची. एकदा नाही, कायम. मी त्याच्याकडं रोखून बघायचो आणि हा आपला खिडकीबाहेर बघत.

शेवटच्या वर्षी कॉलेजांच्या स्पर्धेत पुण्याच्या एका स्टुडिओच्या मालकानं आम्हाला ऐकलं. मदतनीस हवाय म्हणाला, पण जागा एकच आहे, कुणी यायचं ते तुम्ही ठरवा. इकडं माझ्या वडिलांनी इस्लामपूरकडच्या साखर कारखान्यात माझ्यासाठी नोकरी बघून ठेवलेली. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, वाद नाही. मला रडू फुटायचं बाकी होतं. अजित म्हणाला, "रुमाल टाकूया. बेरीज विषम आली तर तू, सम आली तर मी." कृष्णेच्या घाटावर बसून रुमाल टाकला. एक, दोन, तीन म्हणून मी तीन बोटं टाकली. आणि त्याची बोटं माझ्यामागून पडली. डोळ्याची पापणी लवावी एवढाच उशीर, पण मी ड्रमर आहे, उशीर मला कळतो. त्यानं आधी माझी बोटं चाचपली, मग आपली चार टाकली. सात. "नशीब तुझं गड्या," म्हणाला आणि रुमाल झटकून खिशात घातला.

मी पुण्याला गेलो. जाहिरातींच्या धुना केल्या, मालिकांची शीर्षकगीतं केली, लोकांच्या गाण्यांमागं निनावी ड्रम वाजवले. ती वर्षं बरी गेली. मग घरोघरी कॉम्प्युटरवर संगीत व्हायला लागलं, स्टुडिओला टाळं लागलं आणि मी साताऱ्याला परत येऊन पोरांना ड्रम शिकवायला लागलो. त्या पडत्या काळात तो उशीर मला फार छळायचा. मला खात्रीच वाटायला लागली, की अजितला जायचंच नव्हतं. गादीवर बसून रोख धंदा करायचा, दुपारी घरचं गरम जेवायचं, हे सोडून कोण जातंय? त्यानं रुमाल फिरवून मला पुढं ढकललं, आणि वर नशिबाचं नाव. त्यात कुणी त्याच्यासमोर म्हणालं, की अजितनं धंद्यापायी संगीत सोडलं, तर हा गप्प बसून ऐकून घ्यायचा. मला वाटायचं, बघा, त्यागाचा मानही यालाच.

गेल्या हिवाळ्यात महाबळेश्वरहून घरच्यांसोबत परतताना तो माझ्या खोलीवर थांबला. त्याची बायको, सुनीता वहिनी, घरच्यांना घेऊन बाजारात पेढे घ्यायला गेल्या आणि आम्ही दोघंच उरलो. त्यानं मोबाइलवर नवीन काम ऐकवलं. रोज सौद्यात जे आकडे निघतात त्यावरून सूर काढलेत म्हणाला, आपण काही निवडलेलं नाही. मी ऐकलं आणि म्हणालो, "अजित, हे पडलेलं नाही. पडलेलं संगीत इतकं गोड नसतं." तो म्हणाला, "आरं आकडंच गोड निघालं, त्याला मी काय करू?" मग माझ्याच्यानं राहवेना. विचारलं, त्या दिवशी घाटावर तू बोटं उशिरा का टाकलीस? त्यानं मोबाइल बंद केला. "तुला काय वाटतं?" म्हणाला. मी स्पष्ट सांगितलं, तुला जायचंच नव्हतं, तुला दुकान हवं होतं. तो माझ्या ड्रमकडं बघत म्हणाला, "व्हय. तसंच समज." वहिनी आल्या, चहा झाला, ते गेले. इतक्या वर्षांचा संशय खरा ठरला म्हणून मला बरं वाटलं होतं. आमची ती शेवटची भेट.

तो गेल्यावर दीडेक महिन्यानं मी सांगलीला गेलो. वहिनी म्हणाल्या, भावजी, वरची खोली बघून घ्या, कीबोर्ड तुम्हीच न्या. दुकानावरच्या त्या खोलीत मी कधी बसलो नव्हतो, ती त्यानं नंतर बांधली. कीबोर्डवरचं फडकं काढलं आणि बघतच राहिलो. काही पट्ट्या हळदीनं पिवळ्याजर्द झालेल्या आणि काही पांढऱ्या स्वच्छ, जणू आज आणल्यात. दुकानातून तसाच वर यायचा ना, हात न धुता. आकडे काहीही निघोत, त्याची बोटं वर्षानुवर्षं त्याच ठरावीक पट्ट्यांवर गेली होती. यानं नशिबावर काही म्हणजे काहीच सोडलं नव्हतं. मी चिडून अण्णांना हाक मारली. ते वर येताच म्हटलं, बघा, तुमचा भाऊ जन्मभर लबाडी करत होता, संगीतातही आणि घाटावर माझ्याशीही. पुण्याला जायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतं.

अण्णा दारातच उभे राहिले. दम लागला होता त्यांना, जिना चढून. "कोण म्हणालं त्येला जायचं न्हवतं?"

"तोच. स्वतःच्या तोंडानं म्हणाला."

"खुळा हाईस," अण्णा म्हणाले. "आरं, घाटावर जायच्या आदल्या दिवशी त्यानं ब्यॅग भरली हुती. आईनं लाडू बी बांधून दिलं हुतं. मीच त्येला म्हणलं हुतं, रुमालाखाली तू हरायचा न्हाईस, मी शिकीवलंय तुला. आन् घरी आला ते 'हरलो' म्हणूनच. मला कळलं की लगीच. दोन दिस मी बोललो न्हाई त्याच्याशी. तवा म्हणला, अण्णा, माझ्यामागं दुकान तरी हाय, विज्यामागं काय हाय? त्यो कारखान्यात मरंल."

मी कीबोर्डसमोर बसलो. अण्णांनी विचारलं, टेम्पो बोलवू का, न्यायचाय ना? मी एका पिवळ्या पट्टीवर बोट ठेवलं. हिवाळ्यात माझ्या खोलीत बसून तो "व्हय" म्हणाला होता, आणि तेवढ्यानं माझं समाधान होतंय हे बघून चहा पिऊन निघून गेला होता.

त्याला जायचं होतं.