ही पावडर धुवायची नाही

ताईच्या लॅबमधले किस्से मी कधी गोळा केले नाहीत. टूलबॉक्सच्या तळाला नट-बोल्ट साठतात, तसे ते आपोआप साठले. आता काहीही काढायला हात घातला की तेच हाताला लागतात.

मी शेंद्र्याच्या एमआयडीसीत पाइप फिटर आहे. शिक्षण नववी नापास. ताई केमिस्ट्रीत पीएचडी करत होती. लॅबमधली गॅसची लाइन लीक झाली की ती मलाच बोलवायची, म्हणून तिथं माझी ये-जा. चार महिन्यांपूर्वी जालना रोडवर अपघात झाला आणि ताई गेली. तिनं बनवलेल्या पावडरची शेवटची बाटली लॅबच्या कपाटात राहिली. त्या बाटलीतली पावडर काम करते की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. मला तेवढंच बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

*

पावडरचं नाव बोरॉन नायट्राइड. पांढरी आणि इतकी गुळगुळीत की बोटांत टिकत नाही. एकदा ताईनं थोडी घरी आणून टेबलावर ठेवली होती. रविवारी आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत कॅरम रंगला आणि बोर्डावरची पावडर संपली. मी धावत घरी गेलो आणि ती डबी आणून अख्खी बोर्डावर उधळली.

पहिल्याच शॉटला स्ट्रायकर बोर्ड ओलांडून शेजारच्या काकूंच्या वाळवणात गेला.

ताई गॅलरीतून बघत होती. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, "बाळ्या, चार दिवस भट्टीत भाजलीय ती. निदान जिंक तरी."

*

करमाडचे मामा आले की विचारायचे, पोरगी नेमकं करते काय? ताई चिडायची नाही. सांगायची, ही पावडर लई थंड स्वभावाची, कशातच भाग घेत नाही, म्हणून लोक ती साच्यांना, माल चिकटू नये एवढ्यासाठी, नुसती फासायचे. पण तापवून तिच्यावरून प्रोपेन गॅस आणि ऑक्सिजन सोडला, की गॅसमधला थोडा हायड्रोजन निघून जातो आणि प्लास्टिक बनवायच्या कामाचा दुसरा गॅस मिळतो. बाकीच्या पावडरींवर बराचसा गॅस पार जळून जातो. ही पावडर त्याला अर्ध्यावर थांबवते.

मामांनी माझ्याकडं बघितलं. "अर्ध्यावर थांबायला भट्टी कशाला पायजे? ह्यो नववीतच थांबला की."

*

ताईच्या शेजारच्या टेबलावर रमीज बसायचा. पोरगा हुशार, पण धीर नाही. पावडर भट्टीत गेली की नवा गॅस किती बनला, त्याचा आकडा तासाभरात हवा. आकडा शून्य दिसला की तो गॅस बंद करायला उठायचा आणि ताई त्याचा हात धरायची. तिनं त्याला कागदावर काढून दाखवलं. पावडरचा प्रत्येक कण म्हणजे पातळ पत्र्यांची चळत. पत्र्याचा मधला भाग काहीच करत नाही. कडेचा नायट्रोजन तापून निसटतो, तिथं ऑक्सिजन येऊन बोरॉनला धरतो, आणि मग त्या कडेवर काम सुरू होतं. कड तयार व्हायला वेळ लागतो.

पुढच्या मीटिंगला रमीज खुर्ची घेऊन पार भिंतीला जाऊन बसला. ताईच्या गाइड सरांनी विचारलं, इतक्या लांब का?

"सर, काम करनेवाले किनारे पे-च बैठते."

*

आता माझी चूक. एकदा लाइन दुरुस्त करायला गेलो, तर सगळे क्रांती चौकात चहाला गेलेले. भट्टीतल्या नळीत आठ दिवस वापरलेली पावडर होती, चिकटून गोळे झालेली. मला वाटलं, ताईचं काम हलकं करू. आई तांदूळ धुते तशी ती पावडर मी गरम पाण्यात तीन वेळा धुतली, गाळली, वाळवली आणि परत भरली.

दुसऱ्या दिवशी आकडा कोसळला. ताईचं तोंड उतरलं. मी घाबरत घाबरत कबूल केलं. मग तिनं तीच पावडर पुन्हा तापवली आणि तिच्यावरून गॅस सोडला. आकडा हळूहळू परत वर आला. म्हणजे काम करणारी गोष्ट कडेवरच तयार झालेली होती, पाण्यात विरघळून गेली आणि कडेवर पुन्हा तयार झाली. ताई खुर्चीवरून उठून नाचलीच.

सरांनी विचारलं, पावडर धुऊन बघायची कल्पना कुणाची?

"बाहेरचे तज्ज्ञ बोलावले होते, सर," ताई म्हणाली.

*

गेल्या महिन्यात सरांनी मला बोलावलं. कपाटातून बाटली काढली. तिच्यावर ताईच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती. सरांनी ती वाचली आणि बाटली माझ्या हातात दिली. रमीज खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

नळी मी भरली, नट मीच आवळला. पहिला तास शून्य. दुसरा तास शून्य. सरांना कुठंतरी जायचं होतं, ते गेले नाहीत. मी म्हणालो, बंद करा, नाय होत. मी उठलो तर रमीजनं माझा हात धरला.

तिसऱ्या तासाला आकडा हलला. संध्याकाळपर्यंत चढतच राहिला.

दोन दिवसांनी सरांनी थोडी पावडर तपासणीला ठेवली आणि उरलेली त्याच बाटलीत भरून मला दिली. मी ती घरी आणून ओट्यावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेलो. बाहेर येतो तर आईनं भांड्यांबरोबर बाटलीही घासायला घेतलेली, झाकण उघडून नळाखाली धरायच्या बेतात. मी झडप घालून ती हिसकावली.

आई दचकली. तिला वाचता येत नाही. मी चिठ्ठी वाचून दाखवली : "ही धुवायची नाही. बाळ्या, तुलाच सांगतेय."

आईनं साबणाचे हात पदराला पुसले. बाटली माझ्याकडून घेतली आणि झाकण घट्ट लावलं.

"आजून वरडतीच व्हय तुला," ती म्हणाली.