मामाची वाटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला माझं जवळजवळ सगळं ठाऊक आहे. जगाला तळलेलं खाऊ नका म्हणणारी ही बाई संध्याकाळी मोहोपाड्याच्या नाक्यावर उभी राहून गरम भजी खाते, हेसुद्धा. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. ऐका झालं.

मी आहारतज्ज्ञ आहे. गेली कित्येक वर्षं नव्या आहारतज्ज्ञांना शिकवते. कॉलेजातून ताज्या बाहेर पडलेल्या मुली, डोक्यात शोधनिबंध गच्च भरलेले, आणि चुलीपुढे बसलेल्या आईशी बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. कागदावरचं संशोधन ताटात कसं उतरवायचं, ते मी त्यांना सांगते. आवडीचं काम आहे, मुलीही जीव लावतात. खोटं कशाला बोलू — मी सुखी बाई आहे. रात्री पाठ टेकली की झोप लागते.

प्रत्येक प्रशिक्षणाची सुरुवात मी एका वाटीच्या गोष्टीने करते. ती ऐकल्याशिवाय तुम्हाला पुढचं कळायचं नाही.

खालापूरकडे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, तिथे मी तेव्हा दर महिन्याला जायचे. अंगणवाडीच्या सेविका होत्या सुनंदाताई. संशोधन सांगत होतं, सहा महिन्यांनंतर बाळाला स्वतःची वेगळी वाटी हवी. आईच्या ताटातून चार घास भरवले तर पोटात नेमकं किती गेलं हे कळत नाही. सोपी गोष्ट. मी तक्ते लावले, भाषण दिलं, रंगीत प्लॅस्टिकच्या वाट्या वाटल्या. बायांनी माना डोलावल्या. महिन्याभराने घरोघर गेले तर काय? एका वाटीत मीठ, दुसरीत कपडे धुवायचा सोडा, तिसरीतून कोंबडीची पिल्लं पाणी पीत होती. सुनंदाताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी चिडले होते — त्यांच्यावर नव्हे, कोंबड्यांवर.

मग काही महिन्यांत त्याच घरांमध्ये स्टीलच्या वाट्या दिसू लागल्या. प्रत्येकीवर बाळाचं नाव घातलेलं. आणि बाळं खरोखरच त्यांत जेवत होती — घट्ट डाळभात, वर तेलाची धार, वाटी रिकामी होईपर्यंत. हे झालं कसं?

"उष्टावनाला मामा कायतरी आनतोच ना," सुनंदाताई म्हणाल्या. "मी मामालाच निरोप धाडला. ह्याच मापाची वाटी आन, वर भाच्याचं नाव घालून आन."

एवढंच. पहिला घास मामाने भरवायचा, ही रीत तर गावात होतीच. तिला फक्त एक वाटी जोडली. माझ्या वाटीकडे ढुंकून न पाहणाऱ्या आज्या आता नातवाच्या वाटीवर पहारा करू लागल्या. माझ्या एकाही पुस्तकात हे नव्हतं. मी थक्क झाले होते, अगदी मनापासून.

त्याच दिवशी त्या आणखी एक बोलल्या. तालुक्याच्या मीटिंगला लोक माइकवर बोलतात ना, तसं एकदा बोलायचंय म्हणाल्या, आणि लाजल्या. हे मी नंतर विसरले — नाही. विसरले नाही.

पुढे ती मीटिंग आली. नवे प्रशिक्षक निवडायचे होते. ज्यांनी करून दाखवलंय त्यांनीच शिकवावं, असं तालुक्याचे साहेब म्हणाले. वाट्यांचे फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरले. मग त्यांनी विचारलं, ही कल्पना कुणाची?

घाई नव्हती. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. 'सुनंदाताईंची' म्हणायला वेळ तो कितीसा लागतो?

मी म्हणाले, माझी.

साहेब खूश झाले, आणि मी प्रशिक्षक झाले. सुनंदाताई अंगणवाडीतच राहिल्या. आज माझ्याकडे जे काही आहे — हे काम, हा मान, मुलींचं प्रेम — ते सगळं त्या एका शब्दावर उभं आहे.

गेल्या हिवाळ्यात कर्जतला प्रशिक्षण होतं. या वेळी नव्या मुलींबरोबर जुन्या सेविकांनाही बोलावलं होतं. वाटीचा फोटो पडद्यावर आला आणि तेव्हाच मला तिसऱ्या रांगेत सुनंदाताई दिसल्या. केस पांढरे झालेले, मांडीवर पिशवी. माइक माझ्या हातात होता. त्यांच्यापर्यंत फार तर दहा पावलं. गेले का मी?

मी गोष्ट सांगितली. सगळी, माझी म्हणून — मामाला निरोप धाडण्यासकट. त्यांच्यासमोर. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनीही.

चहाच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या. मी मनात शब्द जुळवू लागले — म्हणजे सबबी. पण त्यांनी काही विचारलंच नाही. कप खाली ठेवून माझा हात हातात घेतला.

"मॅडम, छान सांगता तुमी. पन येक राहिलं बगा. मामाच्या वाटीत मीठ भरायची कुनाची छाती हाय?"

आणि हसल्या, तशाच, तोंडाला पदर लावून. टोमणा होता का तो? किती तरी दिवस मी स्वतःला तसं समजावून पाहिलं, कारण टोमणा सोपा असतो. पण नव्हता. गोष्ट अर्धवट सांगितली जात होती आणि ती नीट सांगितली जावी, एवढंच त्यांना वाटत होतं. महिन्याभराने त्या निवृत्त झाल्या. माइकवर त्या कधीच बोलल्या नाहीत.

खोपोलीच्या पुढच्याच बॅचला मी ते मिठाचं वाक्यही घेतलं. माझं म्हणून. अख्खा हॉल हसला.

मला छान वाटलं.