हवेचा आकडा

परदेशी फळांच्या आमच्या शीतगृहात मॅनेजरकाकांना सगळे मागून ‘थर्मामीटर’ म्हणायचे. कंटेनर आला की त्यावर दिसणाऱ्या तापमानाच्या आकड्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. पार मधल्या पेटीतून एक सफरचंद काढायचे, त्यात थर्मामीटरची सुई खुपसायचे आणि मगच माल आत घ्यायचे. तोवर आम्ही ताटकळत उभे. कुणी नुसता आकडा वाचून सही केली, की त्यांचं डोकं फिरायचं. “अरे, तो हवेचा आकडा आहे! फळ आतून तापलंय की नाही, ते टोचल्याशिवाय कळतं का?”

काकू गेल्यापासून ते सुट्टीच्या दिवशीही येऊ लागले. जाड जॅकेट चढवून थंड खोलीत सरळच असलेल्या पेट्या पुन्हा सरळ करत बसायचे.

परवा आम्ही दोघं डबा खात होतो. त्यांनी एक घास तेवढा मोडला होता. इतक्यात परदेशातल्या मुलीचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

“बाबा, कसे आहात?”

“मी? एकदम मजेत!”

“मग काही काळजी नाही. ठेवते हं.”

काका डब्याचं झाकण लावत म्हणाले, “बघितलंस? आकडा वाचला आणि सही केली.”