मागची काच

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यापुढे गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. थोडी सुटका झाल्यासारखंच वाटलं. काचबिंदू आहे. समोरचं नीट दिसतं, कडेचं दिसत नाही. समोरचं तेवढं पाहून आणि कडेच्या कुणाकडे लक्ष न देता आयुष्य काढलेली माणसं मी व्यासपीठांवर भरपूर पाहिली आहेत, त्यांचं काही अडलं नाही. भंडाऱ्याच्या रस्त्यावर मात्र कडेनंच सगळं येतं : म्हशी, शाळकरी पोरं, ऑटो, आणि उलट्या बाजूनं येणारे लोक. बायको गाडी शिकली नाही, मुलगी लग्न होऊन लांब गेली. तेव्हा आमची छोटी पांढरी गाडी विकायची असं ठरलं.

ठरवणं सोपं होतं. गाडीला भाव येईल याबद्दल शंका नव्हती. माझी सगळी नोकरी जवाहरनगरच्या कारखान्यात आणि त्याच्या कॉलनीत गेली आणि आमच्या भागात 'कॉलनीची गाडी' म्हटलं की गिऱ्हाईक खुशीनं मान डोलावतं. कारण साधं आहे. कॉलनीतला माणूस कामावर कारखान्याच्या बसनं जातो आणि त्याची गाडी आठवडाभर शेडखाली झाकून उभी असते. रविवारी तो तिला धुतो, बाजारात नेतो आणि पुन्हा झाकून ठेवतो. गाडीपेक्षा तिचं कव्हर आधी झिजतं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही भंडाऱ्याच्या कडेला घर बांधलं, तरी गाडीचं राहणीमान तेच राहिलं. इंजिनात दोष नव्हता, पत्र्याला पोचा नव्हता.

मागच्या काचेवर मात्र 'जय भीम' होतं.

निळ्या अक्षरांत, शेजारी छोटं अशोकचक्र. गाडी घेतली त्या वर्षी दसऱ्याला आम्ही तिला नागपूरला दीक्षाभूमीवर नेलं. ती तिची पहिली लांबची फेरी. तिथल्या रस्त्यावरच्या दुकानातून बायकोनं ते स्टिकर घेतलं आणि परत येऊन स्वतःच्या हातानं लावलं. एकही बुडबुडा राहू दिला नाही. तिचं माहेर दिघोरीचं. माझे वडील आणि तिचे वडील, दोघंही दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबले. दोन्ही घरांत चारचाकी ही पहिलीच. आपल्या दारातून गेलेली गाडी कुणाची होती हे मागून पाहणाऱ्याला कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मला गाड्यांवर काही लिहिलेलं आवडत नाही. लोक आपली जात, आपला देव, आपल्या मुलांची नावं आणि आपला राग काचेवर लावून फिरतात आणि मागच्या माणसाला सिग्नलवर ते सगळं वाचावं लागतं. पण त्या दिवशी मी काही बोललो नाही. तिनं ते इतकं सरळ लावलं होतं.

जाहिरात मोबाइलवर टाकली आणि फोन यायला लागले. आमच्याकडे फोनवर आधी गाडीची चौकशी होत नाही, गाडीच्या मालकाची होते. मॉडेल कोणतं, किती चालली, हे दोन प्रश्न झाले की आवाज जरा मऊ होई आणि तिसरा प्रश्न येई, सर, तुमचं पूर्ण नाव काय? मी पूर्ण नाव सांगे. मग घरी विचारून सांगतो असं उत्तर येई. या जिल्ह्यातली माणसं घरी विचारल्याशिवाय काही करत नाहीत हे मला त्या महिन्यात कळलं. आपल्याच समाजातल्या लोकांचे फोन आले, तर त्यांना नाव विचारायची गरज पडत नसे, कारण फोटोत काच दिसत होती. ते पहिल्याच वाक्यात आपुलकीनं बोलत आणि दुसऱ्या वाक्यात, आपलीच गाडी आहे तर, म्हणून जवळजवळ फुकट मागत. दोन्ही बाजूंनी त्या दोन शब्दांचा हिशेब होत होता आणि दोन्हीकडे गाडी स्वस्तच होत होती.

शेवटी हायवेवरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. तिथे त्या दिवशी एका नवरा-बायकोला गाडी देण्याचा सोहळा चालू होता. कितव्या मालकाची कोण जाणे अशी एक गाडी लाल साटिनखाली झाकली होती. बॉनेटला फुगे. नवऱ्याच्या हातात पुठ्ठ्याची, दरवाजाएवढी किल्ली दिली होती, ती कोणत्याच कुलपाला लागणार नव्हती. टाळ्या झाल्या, साटिन ओढलं, फोटो निघाला, आणि पुठ्ठ्याची किल्ली पुढच्या माणसासाठी परत भिंतीला टेकवून ठेवली.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं गाडी फिरवून पाहिली, खुश झाला, आणि मागे येऊन थांबला. "साहेब, गाडी एक नंबर आहे. बस, काच क्लीन करून आणा. घेणाऱ्याले गाडी आपली वाटली पाहिजे."

त्याचा मला राग आला नाही. तो सगळ्यांनाच तसं सांगत असावा. त्याच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांवर कुठे तलवारीच्या, कुठे त्रिशूळाच्या खरडलेल्या खुणा होत्या. 'आई-वडिलांचा आशीर्वाद' तेवढा एका गाडीवर शाबूत होता. तो चालतो, असं त्यानं सांगितलं.

घरी येऊन मी बायकोला सगळं ऐकवलं आणि मग माझं भाषण सुरू झालं. गाडी नाही विकली तरी चालेल, पण अक्षराला हात लावणार नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, वगैरे. असं मी बरेच दिवस बोलत होतो. निवृत्त माणसाला तत्त्वाचा प्रश्न फार दिवस पुरतो. गाडी शेडमध्ये उभी होती, बॅटरी उतरत होती, विम्याची तारीख जवळ येत होती. येणारे लोक येत, इंजिन ऐकून खुश होत, मागे जाऊन थांबत, आणि मग टायर जुने आहेत म्हणत. टायर नवे होते.

एका दुपारी उठून अंगणात आलो तर बायको गाडीमागे स्टुलावर बसलेली. बाजूला गरम पाण्याचं पातेलं, खोबरेल तेलाची बाटली, आणि हातात पोळी उलटायचा सराटा. 'जय' निघालं होतं. 'भीम'चा शेवटचा भाग ती हळूहळू सोडवत होती. काचेला ओरखडा पडू नये म्हणून सराट्याला कापड गुंडाळलं होतं. "काहून काढून राहिली?" मी विचारलं. आमच्या घरी मोठ्या प्रसंगी मी तिच्या भाषेत बोलतो.

"लावलं तवा मान होता," ती म्हणाली. मान वर केली नाही. "आता जो येते तो याच्यावर बोट ठेवून भाव पाडते. कोणी बी येऊन त्याच्यावर भाव करावा, त्यापरीस मीच काढते. तुमी भाषण ठेवा, चहा ठेवला तरी चालन."

मी चहा ठेवला. तिनं निघालेलं निळं प्लास्टिक चुरगाळलं नाही. एका जुन्या कॅलेंडरच्या पानावर चिकटवून ते पान कपाटात ठेवलं. अक्षरं फाटली होती, पण कुठलं कुठे हे कळत होतं. त्या रात्री ती फारशी जेवली नाही.

त्यानंतर मोहाडीकडून एक फोन आला. या माणसानं नाव विचारलं नाही. गाडी पांढरी आहे ना, एवढंच विचारलं. धान विकून झालं होतं आणि त्याला रविवारच्या आत गाडी हवी होती. रविवारी त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते, नोकरीवाला मुलगा होता, आणि दारात चारचाकी दिसली की बोलणं जरा वरच्या पायरीवरून सुरू होतं, असं त्यानं फोनवरच मोकळेपणानं सांगितलं. मला तो आवडला. गाडी कशाला घ्यायची हे इतकं खरं सांगणारा तो पहिलाच होता. मी फोन ठेवल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, त्याची पोरगी काय शिकली आहे? मी विचारलं नव्हतं.

तो गाडी पाहायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गाडी शेडमधून बाहेर काढून धुतली आणि अंगणातच राहू दिली. चूक एवढीच. मार्गशीर्षाचे दिवस होते, वैनगंगेकडून धुकं येत होतं, आणि तो माणूस म्हणाला होता तसा सकाळी सातलाच आला. कानाला दुपट्टा गुंडाळलेला, पन्नाशीचा, सोबत त्याचा साळा. साळा स्कूल व्हॅन चालवतो, म्हणजे त्या घरातला गाड्यांचा जाणकार. जाणकारानं बॉनेट उघडायला लावलं, इंजिनकडे डॉक्टरसारखं पाहिलं, पत्र्यावर बोटांनी टकटक केलं आणि डोळे मिटून ऐकलं. चारही टायरांना लाथ मारली. मग ते दोघं मागे गेले आणि थांबले.

मीही गेलो. काच दवानं पांढरी झाली होती आणि त्या पांढऱ्यात दोन शब्द स्वच्छ उमटले होते. डिंक आणि खोबरेल तेल जिथे मुरलं होतं तेवढ्या जागी दव बसलंच नव्हतं. चक्राचे आरेसुद्धा मोजता आले असते. स्टिकर असताना ते इतकं ठळक कधी दिसलं नव्हतं.

साळा दुसरीकडे पाहायला लागला. मी काहीतरी बोलायचं म्हणून टायरांबद्दल बोलायला लागलो. तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन आली, तिनं काच पाहिली आणि ट्रे गाडीच्या टपावर ठेवला.

"काय लिहिलं आहे, वाचा ना भाऊ," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता.

तो माणूस गोंधळला. त्यानं दुपट्टा कानावरून खाली केला आणि शाळेत उभं केल्यासारखं वाचलं, "जय भीम."

"जय भीम," आम्ही दोघंही म्हणालो.

ठरवून नव्हे. आमच्या घरात कुणी ते म्हटलं की उत्तर जातंच, तोंडात घास असला तरी जातं. तो आमच्याकडे पाहत राहिला. आपण वाचलं होतं की नमस्कार केला होता, हे त्याला कळेना. मग त्याचा साळाच पहिल्यांदा हसला.

"भाऊजी, आता तं झाली वळख," साळा म्हणाला.

तोही हसला, पण थोडंसंच. चहा घेतला. बराच वेळ तो कप हातात धरून काचेकडे पाहत होता. काय चाललं होतं ते मला समजत होतं. त्याच्या डोळ्यांपुढे रविवार होता : दारात गाडी, अंगणात खुर्च्या, मुलाचा बाप गाडीला फेरी मारतो आहे. सौदा मोडला तरी आम्हाला दुसरं गिऱ्हाईक पाहता आलं असतं. त्याला रविवारच्या आत दुसरी पांढरी गाडी मिळणार नव्हती.

"वहिनी, मले काही नाही," तो म्हणाला. "माही काही हरकत नाही. पण पाहुणे..."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे. स्वतः म्हणणाऱ्याला कधीच काही नसतं. असतं ते पाहुण्यांना, घरच्यांना, म्हाताऱ्यांना, गावाला. मी आतून थकलो आणि किल्ली खिशात टाकायला लागलो.

"पाहुणे किती वाजता येऊन राहिले?" बायकोनं विचारलं.

"अकरा वाजता."

"मंग काही नाही. ऊन निघाल्यावर हे दिसत नाही. नऊ वाजता पाहा, काच कोरी असते." ती घासाघीस केल्यासारखं बोलत होती, पण भावाबद्दल एक शब्द नव्हता. "पोरगी काय शिकली तुमची?"

बी.एस्सी. झाली, नर्सिंगला जायचं म्हणते, असं तो म्हणाला. जाऊ द्या मंग, असं बायको म्हणाली. पाहुण्यांना जाऊ द्या की मुलीला, हे तिनं सांगितलं नाही.

त्यानं भाव थोडा पाडला, टायरांसाठी. मी पाडू दिला. कागदांवर सह्या झाल्या. साळ्यानं पिशवीतून नारळ काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढच्या चाकाजवळ फोडला. आम्ही दोघं बाजूला उभे होतो. आमच्या घरी नारळ फोडत नाहीत, पण गाडी आता त्यांची होती. खोबऱ्याचा एक तुकडा त्यानं बायकोच्या हातावर ठेवला, तिनं तो घेतला.

निघताना त्या माणसानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि काच पुसायला हात वर केला.

"पुसू नका, भाऊ," बायको म्हणाली. "पुसलं तं जास्त उठते. मी पाहिलं आहे."

त्याचा हात तसाच राहिला. मग त्यानं दुपट्टा परत कानाला गुंडाळला आणि पुढे जाऊन बसला. साळ्यानं किल्ली फिरवली, गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. मोहाडीच्या दिशेनं अजून धुकं होतं. आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ते दोन शब्द मला दिसत होते. गाडी वळून कडेला गेली, त्यानंतर मला दिसली नाही. बायकोला अजून दिसत असावी, कारण ती बराच वेळ तिथेच उभी होती, हातात खोबरं घेऊन.