लाल स्टिकर काढलेले बोर्ड

मंगळवारी दुपारी आमच्या नोएडाच्या कारखान्यात मला जे ऐकू यायला नको होतं, ते नेमकं ऐकू आलं. कान माझे लहानपणापासून तिखट... धंद्यात त्याचा फायदाच झाला. तोटा परवा पहिल्यांदा झाला.

कारखाना म्हणजे फार मोठं काही नाही. इन्व्हर्टरमध्ये बसणारे सर्किट बोर्ड बनवतो, अठ्ठावीस माणसं. मशीनमधून बोर्ड निघाला की भिंगाखाली तपासतात, आणि सोल्डरचा जॉइंट नीट बसला नसेल तर तो रिवर्कच्या टेबलावर येतो. तिथे हाताने, सोल्डरिंग आयर्नने पुन्हा तापवून दुरुस्त करायचा.

या टेबलावर दुपारी तीन ते सहा मी स्वतः बसतो. मालक असून. लोकांना वाटतं साधेपणा आहे. खरं सांगू का... मुलीला बाळ झालं तशी बायको पुण्याला गेली, त्याला आता दीड वर्ष होईल. घरी फ्रिजची घरघर सोडली तर काही ऐकू येत नाही. केबिनमध्ये जो येतो तो उभ्याउभ्या काम सांगून जातो.

रिवर्कच्या टेबलावर मात्र गप्पा चालू असतात. कुणाची सासू, कुणाचं ब्यूटी पार्लर, मेट्रोतली भांडणं... मी मान खाली घालून काम करायचं आणि ऐकायचं.

काम येतंही मला. अकोल्याहून आयटीआय करून आलो तेव्हा दिल्लीत करोल बागेत गाड्यांचे टेप दुरुस्त करून पोट भरलं. तिथल्या उस्तादांनी शिकवलेलं एकच... जॉइंट चमकला पाहिजे. मळकट दिसला की समज कच्चा राहिलाय, परत तापव.

तर मंगळवारी. चहाआधी पार्टिशनच्या पलीकडे हात धूत होतो. नवी लागलेली रुखसाना विचारत होती, "दीदी, इन पे तो लाल स्टिकर लगा है. ये तो स्क्रैप में जाएँगे ना?"

आणि आमच्या सुपरवायझर संगीताताई म्हणाल्या, "स्टिकर निकाल दे. नाखून से, आराम से, फटना नहीं चाहिए. फिर सर की ट्रे में रख दे."

मी नळ बंद केला नाही. बंद केला असता तर त्यांना कळलं असतं.

मग आठवलं... बोर्डाच्या कोपऱ्याला कधीकधी बोट चिकटायचं. सफाई नीट करत नाही म्हणून मी दोनदा ओरडलोही होतो. म्हणजे रोज तीन तास मी भंगार दुरुस्त करत होतो. मन लावून.

संगीताताई मूळच्या वर्ध्याच्या. मिस्टर सरकारी नोकरीत, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला क्वार्टर. अख्ख्या कारखान्यात माझ्याशी मराठी बोलणारं हे एकच माणूस. शिफ्ट सुटल्यावर त्यांना बोलावलं आणि विचारलं, कधीपासून चाललंय हे?

"दिवाळीपासून, सर." नजर न चुकवता म्हणाल्या. "तो एक लॉट कस्टमरकडून परत आला होता, आठवतो? पॅड उखडलेले. ते सगळे बोर्ड तुमच्या हातचे होते."

आठवत होतं. तेव्हा मी सगळ्या टेबलाला फैलावर घेतलं होतं. सगळ्यांनी मुकाट ऐकून घेतलं होतं...

झालं होतं ते असं. हल्लीच्या सोल्डरमध्ये शिसं नसतं, त्यामुळे उत्तम जॉइंटसुद्धा मळकटच दिसतो. हे मला माहीत आहे हो, ते सोल्डर मीच आणलं. पण हाताला कुठे माहीत होतं? शेजारचा धडधाकट जॉइंट मळकट दिसला की आयर्न आपोआप तिकडे जायचं. आणि नको तितकं तापवलं की खालचा तांब्याचा ठिपका, म्हणजे पॅड, बोर्डापासून सुटतो.

"मग मला सांगायचं ना!"

"तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, ताई, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी सोल्डर वितळवतोय."

म्हणालो असेन. माझंच वाक्य आहे ते.

"मग उठवायचं टेबलावरून."

"उठवून कुठे पाठवणार होतो, सर? घरी?"

त्यांना मेट्रो गाठायची होती, त्या गेल्या. मी बसून राहिलो. राग खूप आला, पण कुणाचा ते सापडेना. एकच गोष्ट डोक्यातून जाईना... त्या गप्पासुद्धा ट्रेसारख्याच माझ्यासाठी मांडून ठेवलेल्या होत्या का?

बुधवारी तीनला टेबलाकडे गेलो. खुर्ची होती, ट्रे नव्हता. सगळ्यांसमोर ताईंना म्हणालो, नव्या ऑपरेटरची घेता ती परीक्षा माझी घ्या. भिंगाखाली दहा बोर्ड, आणि कुठले जॉइंट परत तापवायचे एवढंच सांगायचं. मी सहा दाखवले.

"एकही नाही, सर," ताई म्हणाल्या. "सगळे चांगले आहेत." आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे लिहिलं, फेल.

रुखसाना फिसकन हसली आणि लगेच घाबरली. "हँस ले, हँस ले," मी म्हणालो.

"सर, मैं तो पहली बार में पास हो गई थी." अख्खं टेबल हसलं. मोठ्याने, माझ्यावर.

पुढची परीक्षा महिन्याने. पास होईपर्यंत आयर्न हातात मिळणार नाही, नियम सगळ्यांना एकच. संध्याकाळी घर होतं तसंच रिकामं होतं. पण "फेल"च्या खाली सही करून आलो होतो, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्या टेबलावर मला कुणी जपलं नव्हतं... ताई, मनापासून आभार. जपलंत त्याचे, आणि नापास केलंत त्याचे जरा जास्त.