धोक्यांच्या यादीत भाची

मी यंत्रांसाठी लिहिते. आमच्या बीबी गावात हे कुणाला सांगायची सोय नाही. भावाला एकदा नीट समजावलं होतं. पुण्यातल्या एका कंपनीने फसवे ईमेल अडवणारी व्यवस्था केली आहे. अडवलेल्या मेलची यादी काढून देणारं त्यात एक टूल आहे, आणि ते टूल माणूस वापरत नाही, एआय एजंट वापरतो, म्हणजे कारकुनाचं काम करणारा प्रोग्राम. टूल कधी वापरायचं, त्याला काय विचारायचं, आलेल्या यादीचा अर्थ काय लावायचा, हे त्या एजंटाला कळावं म्हणून मी माहिती लिहिते. भावाने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे यंत्रं वाचून राह्यले आन् पोट्टे मोबाइल पाहून राह्यले. चांगलं हाय."

त्याचं स्वतःचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, बुद्धविहाराच्या बाजूला. मागच्या खोलीत मी लॅपटॉप घेऊन बसते, कारण गावात धड नेट तिथेच मिळतं. पीकविमा, शिष्यवृत्ती, प्रवेश, सगळे फॉर्म त्याच्याकडे. फॉर्मवर ईमेलचा रकाना आला की तो बिनदिक्कत आपलाच पत्ता टाकतो. गावात ईमेल असतो कुणाकडे? ज्याच्याकडे असतो त्याला पासवर्ड आठवत नाही. मेल आला की भाऊ फोन करून ज्याचा त्याला बोलावतो. साखरखेर्ड्याहूनसुद्धा लोक त्याच्याकडे येतात ते याच भरवशावर. त्याच्या मुलीच्या नर्सिंगच्या फॉर्मवरही तोच पत्ता होता.

भाचीचा नंबर लागला होता. जागा हवी असेल तर ठरलेल्या तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत मेलने होकार कळवा, नाहीतर ती पुढच्या मुलीला जाईल, असं कॉलेजने कळवलं होतं. तिने होकार लगेच पाठवला, पण पोच काही आली नाही. शेवटचा दिवस उजाडला तेव्हा पोरगी सकाळपासून जेवली नव्हती.

त्या दुपारी मला लिखाणात घालायला उदाहरणं हवी होती. टूलची चाचणी एका कॉलेजच्या मेलवर चालली होती. कॉलेजचं नाव आम्हाला झाकून मिळायचं, पत्ते मात्र दिसायचे. मी यादी मागवली. भावाचा पत्ता, खाली भाचीचं नाव, प्रकाराच्या रकान्यात इंग्रजीत 'इम्पर्सोनेटर', म्हणजे तोतया. कारण दिलं होतं: एकाच पत्त्यावरून अनेक नावांनी पत्रव्यवहार. आमच्या सगळ्या पंचक्रोशीचा भरवसा यंत्राला असा दिसला होता.

मी कॉलेजला फोन लावला. "मेल आलेला नाही," पलीकडून उत्तर आलं.

"आलाय हो. तुमच्याकडेच अडकलाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती. होकार मेलनेच लागतो, फोनवर चालत नाही, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मग मी पुण्याला माझ्या मॅडमना विचारलं, अडवलेला एखादा मेल सोडता येईल का. "हे टूल फक्त आणून दाखवतं, सोडत नाही," त्या म्हणाल्या. "तूच तर लिहिलंयस ते." लिहिलं होतं खरं. ते वाक्य चांगलं साधलंय म्हणून मी स्वतःवर खूशही झाले होते. आता त्याच वाक्याचा मला संताप आला.

"काऊन वं, काय झालं?" भावाने दारातून विचारलं. मी एवढंच म्हणाले की तुझ्या पत्त्यावरून मेल जात नाहीये, पोरीचा स्वतःचा पत्ता काढू. काढला. तिने होकार पुन्हा लिहिला आणि पाठवला.

"गेला का वं आत्या?"

मी यादी परत मागवली. नवी नोंद आली होती. कारण: आजच काढलेला पत्ता, दुसऱ्या पत्त्यावर नोंदलेल्या उमेदवाराचं नाव. तोतया.

मग एकच वाट सुचली. यादी पाहून कोणता मेल कॉलेजातल्या माणसापुढे न्यायचा हे तो एजंट ठरवायचा, आणि दर खेपेला यादी उघडण्याआधी तो माझं लिखाण वाचायचा. मी त्यात एक ओळ घातली: खेड्यात अनेक माणसं एकच पत्ता वापरतात, म्हणून अशा मेलला खोटा ठरवण्याआधी माणसाला दाखवावं. यात खोटं काही नव्हतं. मी देवाधर्माची नाही, पण त्या घटकेला त्या प्रोग्रामला मी अक्षरशः विनवण्या करत होते. वाच रे बाबा, एकदा वाच.

त्याच्या आधी ती ओळ मॅडमनी वाचली. शेरा आला: "एजंटाला वर्णन दे, उपदेश नको." ओळ गेली. मी परत घातली. त्यांनी ती परत काढली आणि फाइलला कुलूप लावलं. मी फोन केला, तर त्या मीटिंगमध्ये होत्या. भिंतीवर डोकं आपटावं असं वाटत होतं, आणि पलीकडे भाऊ कुणाचा तरी विम्याचा फॉर्म भरत होता, आपल्या पत्त्यासकट.

पाच वाजून गेल्यावर भाचीने स्वतःच कॉलेजला फोन केला. जागा पुढच्या मुलीला दिली होती. ती रडली नाही. मागच्या खोलीत येऊन माझ्या शेजारी बसली आणि मला लॅपटॉप मिटायचं सुचायच्या आत तिने पडद्यावरच्या दोन्ही नोंदी वाचल्या, एक बापाच्या पत्त्याची, एक तिच्या स्वतःच्या. पोरीचं इंग्रजी चांगलं, पण प्रकाराच्या रकान्यातला शब्द तिला अडला. तिने त्यावर बोट ठेवून अर्थ विचारला.

"दुसऱ्याच्या नावाने लिहिणारा," मी म्हणाले.

"पन नाव तं माहंच हाय."

मी मान हलवली. तिने दोन्ही ओळी परत एकदा वाचल्या.

"मंग मी खरी कोन्त्या मेलवर आहो, आत्या?"